देवाच्या कमरेचे माप

गंगापूर, लासूर, वैजापूर या टापूत बाळाच्या बारशाला आजोळहून चांदीची बाळलेणी येण्याची रीत जुनी आहे. वाळे, बिंदल्या, ताईत आणि त्यांच्यासोबत कमरेचा करदोडा. तो घडवून घ्यावयाचा तर सोनार प्रथम माप मागतो. मग बाळाच्या कमरेभोवती सुताचा दोरा धरला जातो, त्याला गाठ मारली जाते आणि तो दोरा पेढीवर पोहोचतो. अंग वाढते आहे, हे जाणून सोनार साखळीला दोन-चार कड्या अधिक ठेवतो. या व्यवहाराला कोणी शास्त्र म्हणत नाही. परंतु महाराष्ट्राच्या स्मरणात सर्वांत ठळकपणे राहिलेल्या सोनाराचे, संत नरहरी सोनार यांचे, चरित्र नेमक्या याच दोऱ्याभोवती गुंफलेले आहे. माघ वद्य तृतीयेला त्यांची पुण्यतिथी येते. टाळमृदंगाच्या गजरात चमत्काराची कथा पुन्हा सांगितली जाते. त्या कथेतील कारागीर मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो.

नरहरी यांचा काळ यादवांच्या राजवटीच्या उत्तरार्धाचा. काही चरित्रपरंपरा त्यांचे जन्मस्थान देवगिरी असल्याचे सांगतात. कर्मभूमी आणि समाधिस्थान पंढरपूर, याविषयी मात्र सर्वांचे एकमत आहे. देवगिरी तेव्हा दक्षिणेतील एक संपन्न राजधानी होती. राजवाडा, मंदिरे, सावकार आणि सरदार यांच्या आश्रयाने तेथे सोन्यारुप्याचे काम करणारे हात नांदत असले पाहिजेत. राजा रामदेवराव १२७१ मध्ये गादीवर आला. देवगिरीपासून फार दूर नसलेल्या, गोदावरीपलीकडच्या नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. एकीकडे राजधानीचे वैभव आणि दुसरीकडे बोलीभाषेत उभे राहणारे नवे अध्यात्म, अशा या संधिकाळात नरहरींचे आयुष्य गेले.

त्यांच्या चरित्राची जी साधने आज हाती आहेत, ती दोन प्रकारची आहेत. एक, त्यांच्या नावावर असलेले मोजके अभंग. दुसरे, संतचरित्रकारांनी जतन केलेली कथा. महिपतीबोवा ताहराबादकर यांनी भक्तविजय हा ग्रंथ शके १६८४ मध्ये, म्हणजे १७६२ साली पूर्ण केला. नरहरींच्या समाधीनंतर त्या वेळी सुमारे साडेचारशे वर्षे लोटली होती. म्हणून या कथेकडे इतिहासाचा दाखला म्हणून पाहता येत नाही. परंतु एवढ्या शतकांत मराठी समाजाने एका सोनाराविषयी नेमके काय लक्षात ठेवावयाचे ठरविले, याचा ती निःसंशय दाखला आहे.

ही निवड अधिक लक्षणीय ठरते, कारण सोनाराकडे पाहण्याची गावाची दृष्टी दुहेरी होती. गावगाड्यात सोनार हाच पुष्कळदा पोतदार असे. सरकारजमा होणाऱ्या नाण्यांत खोटे कोणते, खरे कोणते, हे पारखण्याचे काम त्याचे. खजिन्याचा विश्वास त्याच्या बोटांवर आणि कसोटीच्या काळ्या दगडावर विसंबून होता. त्याच वेळी म्हणींनी सोनाराला शिंपी आणि कुलकर्णी यांच्या पंक्तीस बसवून त्यांच्या संगतीपासून दूर राहण्याचा सल्ला दिला. दागिना आटविताना थोडे सोने मुशीत राहते, थोडे कानशीच्या चुऱ्यात जाते, थोडे सोनाराच्या डब्यात, अशी समजूत घरोघरी होती. ज्याच्यावाचून चालत नाही आणि ज्याच्यावर भरवसाही ठेवता येत नाही, असा हा माणूस. अशा संशयित व्यवसायातील एकाला मराठी समाजाने संतपद दिले, ही गोष्ट साधी नव्हे.

सैल आणि तोकडा

परंपरा सांगते ते असे. नरहरी कट्टर शिवोपासक होते. पंढरपुरात राहून मल्लिकार्जुनाचे दर्शन त्यांनी कधी चुकविले नाही आणि विठ्ठलाच्या देवळात कधी पाऊल टाकले नाही. कळसाकडे दृष्टी जाऊ नये म्हणून ते मान खाली घालून चालत, असेही सांगितले जाते. त्यांच्या हातची कारागिरी मात्र सर्वतोमुखी होती. एका सावकाराने पुत्रप्राप्तीसाठी विठ्ठलाला रत्नजडित करगोट्याचा नवस केला होता. मुलगा झाला. नवस फेडावयाचा तर दागिना सर्वोत्तम हवा आणि सर्वोत्तम हात नरहरींचा. सावकार त्यांच्याकडे आला.

नरहरींनी काम नाकारले नाही. देवळात जाऊन माप घेण्यास तेवढा नकार दिला. मग सावकाराने देवाच्या कमरेचे माप स्वतः आणून दिले. त्या मापाबरहुकूम करगोटा घडला. देवाला घालू जाता तो बसेना. दुरुस्ती झाली, पुन्हा नेला, पुन्हा बसेना. एकदा सैल, एकदा तोकडा. ज्याच्या कामात कधी गुंजभर चूक निघाली नाही, त्याच्या हातून एकच दागिना पुनःपुन्हा फसू लागला.

अखेर नरहरी देवळात जाण्यास राजी झाले, पण डोळ्यांवर पट्टी बांधून. हाताने चाचपून माप घ्यावयाचे, मूर्ती पाहावयाची नाही. गाभाऱ्यात त्यांनी हात पुढे केले तेव्हा बोटांना शंकराची चिन्हे लागली: पाच मुखे, दहा भुजा, गळ्यातील नाग, कमरेचे व्याघ्रचर्म. आपलेच आराध्य समोर आहे, या आनंदाने त्यांनी पट्टी दूर सारली, तो समोर विटेवरचा विठ्ठल. पुन्हा डोळे झाकले, पुन्हा शंकर. असे काही वेळ झाल्यावर त्यांना उमज पडला की भेद मूर्तीत नव्हता, पट्टीत होता. त्यानंतर जो करगोटा घडला, तो देवाच्या कमरेला नेमका बसला.

कीर्तनात या कथेचे तात्पर्य हरिहरांचे ऐक्य असे सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. नरहरींनी शिव सोडून विठ्ठल धरला, असे कथा कोठेही म्हणत नाही. येथे एका दैवताचा जय आणि दुसऱ्याचा पराजय झालेला नाही. पंढरीचा विठ्ठल मस्तकी शिवलिंग धारण करतो, ही श्रद्धा वारकऱ्यांत रुजलेली आहे. ज्ञानदेवांची गुरुपरंपरा तर आदिनाथ शंकरापासूनच सुरू होते. नरहरींनी आपली निष्ठा बदलली नाही, तिच्याभोवतीचे कुंपण काढले.

परंतु त्या तात्पर्याच्या आत कारागिराच्या जगातील आणखी एक अर्थ आहे. नरहरींचा हात चुकला नव्हता, धातूत हीण नव्हते, दिलेले मापही त्यांनी इमानाने पाळले होते. चूक होती ती ऐकीव मापावर विसंबण्यात. ज्याच्यासाठी वस्तू घडवावयाची, त्याच्यासमोर उभे राहण्याचे त्यांनी टाळले. घडविणारा आणि लेणारा यांची भेट झाल्यावाचून दागिना अंगी लागत नाही, हे या कथेतील रोकडे सत्य आहे. नरहरींना साक्षात्कार झाला तो ध्यान लावून बसले असताना नव्हे. काम करीत असताना, माप घेण्यासाठी पुढे केलेल्या बोटांतून झाला.

दुकान हीच साधना

या प्रसंगानंतर नरहरी वारकरी मेळ्यात आले. ज्ञानदेव आणि नामदेव यांच्या काळातील संतमांदियाळीत त्यांचे नाव घेतले जाते. तेरचे गोरोबा कुंभार, अरणचे सावता माळी, मंगळवेढ्याचे चोखोबा अशा श्रमकऱ्यांच्या त्या मेळ्यात सोनाराची जागा तशी वेगळी होती. कुंभाराची माती आणि माळ्याचा मळा यांना कोणी मोह म्हणत नाही. सोनाराच्या हाती मात्र दिवसभर तीच वस्तू असते, जिचा त्याग करावा असा उपदेश सगळे संत करतात. विरक्तीच्या वाटेवर निघालेल्याने हा व्यवसाय प्रथम सोडावा, असे कोणालाही वाटेल.

नरहरींनी तो सोडला नाही. त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध अभंगात ते स्वतःला देवाचा सोनार म्हणवून घेतात आणि सगळे दुकानच परमार्थात मांडतात. देह ही बागेसरी, म्हणजे सोनाराची शेगडी. अंतरात्मा हे सोने. तीन गुणांची मूस, विवेकाचा हातोडा, ज्ञानाचा ताजवा. या हातोड्याने कामक्रोधांचे चूर्ण होते. आणि याच अभंगात एक विलक्षण जागा आहे. मन आणि बुद्धी यांच्या कातरीने आपण रामनामाचे सोने चोरतो, असा आशय तेथे येतो. ज्या आरोपाने त्यांची सारी जात हिणवली जात होती, तोच आरोप त्यांनी अंगावर घेतला आणि चोरीचा माल तेवढा बदलला. समाजाच्या कुत्सित बोलण्याला दिलेले हे उत्तर रागाचे नाही, लाचारीचेही नाही. आपल्या कामाची पूर्ण ओळख असलेल्या माणसाच्या स्वाभिमानाचे ते उत्तर आहे.

या प्रतिमा पुस्तकी नाहीत, हे समजण्यासाठी खेड्यातील चांदीकाम एकदा पाहावे. चांदी ९६१ अंश सेल्सिअसला वितळते, सोने १०६४ अंशांना. ही उष्णता कोळशाच्या लहानशा शेगडीत फुंकणीने आणावयाची. मुशीत टाकणखार घालून मळ वर आणावयाचा, रस ओतून कांडी पाडावयाची, ती ऐरणीवर ठोकून लांबवावयाची. ठोकता ठोकता चांदी ताठ होते. तिला पुन्हा तापवून मऊ केले नाही तर ती तडकते. मग चढत्या-उतरत्या छिद्रांच्या पोलादी पट्टीतून एकेक छिद्र कमी करीत तार ओढावयाची, सळईवर गुंडाळून कड्या कापावयाच्या, त्या एकमेकींत ओवून झाळावयाच्या आणि शेवटी चिंचेच्या पाण्यात उकळून काळवंडलेले रूप उजळावयाचे. झाळताना ज्योत क्षणभर अधिक राहिली तर कडीच वितळते. येथे लागणारे अवधान कोणत्याही जपापेक्षा कमी नसते. नरहरींना रूपके शोधावी लागली नाहीत, ती समोर मांडलेली होती.

नरहरींच्या हयातीतच देवगिरीवर संकट कोसळले. १२९६ मध्ये, ज्या वर्षी ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली त्याच वर्षी, अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरी लुटली. सोने, चांदी आणि रत्ने यांचा प्रचंड खजिना उत्तरेकडे गेला. पिढ्यान्‌पिढ्या घडविलेले दागिने पुन्हा मुशीत गेले असतील. नरहरींनी शके १२३५ च्या माघ वद्य तृतीयेला, म्हणजे १३१४ च्या आरंभी, पंढरपुरात देह ठेवला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १३१८ च्या सुमारास, यादवांचे राज्यही संपले. त्यांच्या हातचा म्हणून खात्रीने दाखविता येईल असा एकही दागिना आज नाही. उरले आहेत ते अभंग आणि नाव.

नाव नसलेले हात

इतर सोनारांच्या बाबतीत नेमके उलट घडले. त्यांचे दागिने राहिले, नावे गेली. मराठवाड्यातील जुन्या पेट्यांतून अजूनही जाड चांदीचे तोडे, गोठ, सरी, वाक्या, जोडवी, मासोळ्या निघतात. बंजारा तांड्यांवरील स्त्रियांच्या केसांत रुळणाऱ्या घुगरी-टोपल्या, गळ्यातील हांसळी, पोशाखावर टाकलेली नाणी यांची घडण शहरी नजरेला ओबडधोबड वाटेल. पण उन्हातान्हात राबणाऱ्या अंगावर वर्षानुवर्षे टिकावी अशीच ती केलेली असते. निजामी राजवटीतील हाली रुपया तर कित्येकदा थेट मुशीत जाई किंवा कडी लावून गळ्यात येई. दुष्काळात हीच चांदी गहाण पडे, सुगीत सोडवून आणली जाई. बाईचे लेणे हीच कुटुंबाची पतपेढी होती. हे सारे घडविणाऱ्यांपैकी किती जणांची नावे कोणाला ठाऊक आहेत?

जगाच्या दुसऱ्या टोकालाही असेच घडले. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील नवाहो जमातीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आत्सिदी सानी नावाचा लोहार एका मेक्सिकन कारागिराकडून धातुकाम शिकला आणि त्याने ते चांदीकाम आपल्या मुलांना शिकविले. १८६४ ते १८६८ या काळात ही जमात हद्दपारी आणि बंदिवास भोगून परतली. पुढे नाणी वितळवून त्यांनी कंकणे आणि पट्टे घडविले आणि १८८० च्या सुमारास त्यांत पिरोजा, म्हणजे आकाशी-हिरवट रंगाचा खडा, बसविण्यास प्रारंभ केला. आज त्या रांगड्या घडणीला जगभर मोल आहे. तेथेही आरंभीच्या कारागिरांपैकी मोजक्यांचीच नावे टिकली. परंतु पुढच्या पिढ्यांत दागिन्यावर कारागिराची खूण उमटविण्याची प्रथा रुजली आणि ती खूण पाहून ग्राहक किंमत मोजू लागला. नाव लावल्याने कामाची पत वाढते, हा धडा त्यात आहे.

आपल्याकडे सोनाराच्या वाट्याला आला तो कायद्याचा बडगा. चीनच्या आक्रमणानंतर परकीय चलन वाचविण्यासाठी जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले आणि १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. देशभर असंख्य कारागिरांचे हात रिकामे झाले. काहींनी निराशेने जीवन संपविले. १४ कॅरटची अट १९६६ मध्ये निघाली, पण १९६८ च्या कायद्याने नियंत्रण चालूच राहिले. तो १९९० मध्ये रद्द झाला. चोरट्या आयातीचे पाप सोनाराच्या माथी मारण्यात जुन्या म्हणींतील संशयच राजमान्य झाला होता, असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही.

आता काळ पालटला आहे. सोन्याच्या दागिन्यांना २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. ग्राहकाच्या दृष्टीने हे स्वागतार्ह आहे. कसाविषयीचा जुना संशय त्याने पुष्कळ अंशी दूर होतो. २०२३ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सोनाराचाही समावेश आहे. हातकणंगले तालुक्यातील हुपरीसारख्या गावात चांदीकाम घराघरांतून वाटून घेतले जाते. परंतु तालुक्याच्या पेठेत बहुतेक दागिने आता साच्यातून निघून तयार येतात. पेढीवरचा सोनार विक्रेता झाला आहे. बागेसरी विझली आहे आणि उरले आहे ते तुटलेली कडी झाळून देण्यापुरते काम. यंत्राला दोष देण्याचे कारण नाही, कारण यंत्राने दागिना स्वस्त केला आणि गरिबाच्या घरीही नेला. मात्र यंत्राचे माप सर्वांसाठी एकच असते. शिक्का कसाची हमी देतो. मापाची हमी घडविणारा आणि लेणारा समोरासमोर आल्यावाचून मिळत नाही.

म्हणूनच नरहरींचे स्मरण करावयाचे ते केवळ पालखी आणि प्रसादापुरते नसावे. कर्ज आणि अवजारे देणाऱ्या योजना आवश्यक आहेत, पण जोवर हातकामाला गिऱ्हाईक नाही तोवर ती अवजारे गंजत पडतील. तालुक्यातालुक्यांत जे थोडे वृद्ध कारागीर अद्याप जंतरातून तार ओढू शकतात, त्यांच्या कामाची नोंद त्यांच्या नावानिशी झाली पाहिजे. शाळा-महाविद्यालयांना हे काम अवघड नाही. एखाद्या शिक्षकाने विद्यार्थ्यांना आजीच्या पेटीतील तोड्यांचे चित्र काढावयास, वजन आणि घडण लिहून घ्यावयास, कोणी घडविले हे विचारावयास सांगितले, तरी एका पिढीचे ज्ञान वाचेल. आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी घरातील एखादे तरी लेणे तयार न आणता घडवून घ्यावे. पगारदाराच्या ऐपतीत चांदीची लहानशी साखळी अजून बसू शकते.

नरहरींनी डोळ्यांवरची पट्टी काढली तेव्हा त्यांना देव दिसला. सोनाराविषयीच्या जुन्या संशयाची आणि हातकामाविषयीच्या अनास्थेची पट्टी काढली, तर समाजाला निदान आपला शेजारी कारागीर दिसेल. पुढच्या बारशाला सुताच्या दोऱ्याला गाठ मारून तो पेढीवर घेऊन जाणारा कोणी निघाला, तर पंढरपूरच्या त्या सोनाराचे खरे स्मरण झाले असे म्हणता येईल.